बिनखर्चाची फ्रेम

थोरल्या जावेकडे दोन गाड्या होत्या, प्रत्येक खोलीला वेगळं न्हाणीघर होतं आणि पैसे न खर्चण्याचा भारी नाद होता. काटकसर करावी लागणं वेगळं आणि करायला आवडणं वेगळं. तिला आवडायची. घरात नवी वस्तू आली की ती दिवाणखान्यात मधोमध मांडायची आणि आल्यागेल्याला अडवून विचारायची, "सांग बघू, कितीला पडली असेल?" समोरच्याने मुद्दाम चढा आकडा सांगायचा, तिने खुदकन हसून खरा सांगायचा, आणि मग समोरच्याने कपाळावर हात मारायचा. एवढं झालं की चहा मिळायचा.

सुईदोरा मंडळ तिनेच काढलं. दर बुधवारी दुपारी तिच्याकडे भरतकामाची आवड असलेल्या बायका जमायच्या. पहिले काही महिने खरंच भरतकाम चाललं. पण एक चित्र भरून व्हायला महिनोन्महिने जातात, तेवढा काळ शेखी कशाच्या जोरावर मिरवायची? फ्रेम मात्र एका दुपारीत होते. हळूहळू सुया बाजूला पडल्या आणि कोणी किती स्वस्तात फ्रेम केली याचीच चढाओढ लागली.

एकीने चपलांच्या खोक्याच्या झाकणात गुलाब बसवले. एकीने चहाच्या ट्रेमध्ये मोर चिकटवला, आणि पाहुणे आले की ट्रेची आठवण येऊन हळहळायची. खजिनदारबाईंनी कपड्याला वरखाली फुटपट्ट्या लावून ते कॅलेंडरसारखं टांगलं. खुद्द थोरलीने तर भाच्याच्या लग्नाच्या फोटोची फ्रेम रिकामी करून घेतली. भाच्याचा नुकताच घटस्फोट झाला होता.

"फ्रेमचा काय दोष?" ती म्हणाली. "सोनेरी नक्षी आहे. आणि पडली कितीला? फुकट!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या.

धाकटी जाऊ त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची. दोघा भावांनी घरं एकदमच घेतली होती. थोरल्याला वरचं, उजेडाचं मिळालं आणि धाकट्याला खालचं, जिथून गाड्या ठेवायची जागा दिसायची. धाकटी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत खिडकीवर बसायची. लोकांची नावं लिहून बाटल्यांवर चिकटवायची. मंडळात ती जायची ती वहिनींना नाही कसं म्हणायचं, एवढ्यासाठी. कोपऱ्यात बसायची, आपलं भरतकाम करायची आणि टाळ्यांच्या वेळी टाळ्या वाजवायची.

तिच्या मांडीवर जे कापड असायचं, त्याबद्दल तिला कोणी कधी विचारलं नव्हतं.

तिचे वडील किल्ल्या बनवायचे. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं एवढंसं दुकान होतं. एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. मागची सगळी भिंत किल्ल्यांनी भरलेली. पितळी, काळ्या, गंजलेल्या, बोटाएवढ्या, हातभर. शेवटच्या आजारात ते अंथरुणाला खिळले तेव्हा धाकटी सुट्ट्या काढून त्यांच्या उशाशी बसली, आणि बसल्या बसल्या तिने ती भिंत कापडावर भरायला घेतली. वडील डोळे किलकिले करून बघायचे.

"ही कुठल्याच कुलपाला लागणार नाही," ते एकदा म्हणाले.

"का हो बाबा?"

"दाते उलटे काढलेस. उसव."

तिने उसवलं. अशा कितीतरी किल्ल्या तिने उसवल्या आणि पुन्हा भरल्या. वडील गेले तेव्हा खालची एक ओळ राहिली होती. ती तिने एकटीने पुरी केली. तिथले दाते बरोबर आहेत की नाहीत हे सांगायला आता कोणी नव्हतं.

हे कापड चपलांच्या खोक्यात बसवायला तिचा जीव होईना. ती ते घेऊन फ्रेमवाल्याकडे गेली.

फ्रेमवाला गावातला एकमेव, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं. दुकानात पाऊल टाकताच गिऱ्हाइकाला आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं, अशी त्याची नजर. त्याने कापड उलटं करून मागचे दोरे पाहिले, नाक मुरडायला काही सापडलं नाही म्हणून जरा नाराज झाला, आणि म्हणाला, "गोंद लावलाय का कुठे?"

"नाही."

"लावू नका. गोंदवाल्यांना मी दारात उभं करत नाही. हे पुठ्ठ्यावर ताणून मागून दोऱ्याने आवळायचं. काच वर टेकता कामा नये, टाके दबतात. मध्ये जाड कागदाची चौकट येईल. बाहेर लाकडाची पट्टी. काळी घ्या, पितळी रंग उठून दिसेल."

मग त्याने किंमत सांगितली. धाकटीने ती पुन्हा एकदा विचारली. पण तिने पर्स उघडली आणि भाव न करता पैसे मोजले. फ्रेमवाल्याला इतकं आश्चर्य वाटलं की त्याने खुर्ची पुढे केली.

फ्रेम घरी आली, भिंतीवर लागली. किल्ल्या जणू आत्ता कोणीतरी काढून नेईल अशा लटकत होत्या. नवरा जेवण विसरून बघत राहिला. आणि दुसऱ्याच दिवशी थोरली इस्त्री मागायला खाली आली.

"अगं बाई!" ती दारातच थबकली. "ही कुठून आणलीस? काढ, काढ खाली. आज बुधवार आहे."

"वहिनी, राहू दे ना..."

राहू दे म्हणेपर्यंत फ्रेम खिळ्यावरून उतरलीसुद्धा होती.

वर दिवाणखान्यात फ्रेम मधोमध ठेवली गेली. बायका सभोवती जमल्या. त्यांनी कोपरे चाचपले, काचेवर टिचक्या मारल्या, पट्टीवर नख ओढून पाहिलं. किल्ल्यांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. थोरलीने टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं.

"आता सांग. कितीला पडली?"

धाकटीने तोंड उघडलं. खरी किंमत सांगितली तर पुढे काय होईल ते तिला दिसत होतं. संध्याकाळपर्यंत तिच्या मूर्खपणाची चर्चा होणार, हेच काम दहाव्या हिश्शात कसं झालं असतं हे प्रत्येक जण समजावणार, आणि वडिलांची भिंत म्हणजे 'ती फसली ना, तीच ती' असं सगळीकडे होणार. तिच्या तोंडून निघून गेलं, "काहीच नाही पडले. घरीच केली. जुन्या कपाटाच्या फळ्या होत्या."

मग एकदम कल्ला उठला. खजिनदारबाईंनी तिला मिठी मारली. चहाच्या ट्रेवाल्या बाईच्या डोळ्यांत असूयेने पाणी आलं. थोरलीचा चेहरा पडला, पण अध्यक्षपद सांभाळून ती म्हणाली, "माझ्याच तालमीत तयार झालीय! पुढच्या बुधवारी हीच आपल्याला शिकवणार."

धाकटीला पळून जावंसं वाटलं.

तिने आठवडाभर मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. एक करवत आणली, स्वयंपाकघरात फळी कापायला घेतली आणि ओट्याचा कोपरा उडवला. शेवटी बुधवारी ती हात हलवत वर गेली आणि सगळं तोंडानेच उरकलं.

"फळी घ्यायची. तिरकी कापायची. चारही तुकडे जोडायचे. काच बसवायची."

"इतकं सोपं?" खजिनदारबाईंनी विचारलं.

"हो," धाकटी म्हणाली. आयुष्यात इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

बायका घरी जाऊन कामाला लागल्या. ट्रेवालीने जेवणाच्या टेबलाचा पाय कापला, कारण त्याचं लाकूड चांगलं होतं. दुसरीने काच कापताना अंगठा कापून घेतला आणि टाके पडले, या वेळी डॉक्टरच्या हातचे. खजिनदारबाईंच्या नवऱ्याने मदत केली आणि त्यानंतर दोघांत बोलणं बंद झालं. पण पुढच्या काही आठवड्यांत चमत्कार झाला. एकेक जण बुधवारी फडक्यात गुंडाळलेली फ्रेम घेऊन यायला लागली. देखणी, घट्ट, काटकोनातली. आणि प्रत्येकीचं ठरलेलं उत्तर, "घरीच केली. काही नाही पडले."

धाकटी चक्रावून गेली. ज्या पद्धतीने काहीच होऊ शकत नाही, त्या पद्धतीने या बायकांना जमलं कसं?

उलगडा झाला तो फ्रेमवाल्याच्या दुकानात. खालच्या घराला दमट हवा लागते, म्हणून फ्रेमच्या मागे काय लावायचं हे विचारायला ती गेली होती. आत मोठी काच उभी केली होती आणि काचेमागे खजिनदारबाई उभ्या होत्या. काचेमागे लपता येत नाही हे त्यांच्या घाईत लक्षात आलं नसावं.

"खिडकीची काच बघायला आले होते," त्या काचेतूनच म्हणाल्या आणि मागच्या दाराने गल्लीत पसार झाल्या.

फ्रेमवाला खूश होता. त्याने धाकटीला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला.

"तुमच्या मंडळाने माझं दुकान वर काढलं, ताई. सगळ्या मागच्या दाराने येतात. कोणाला सांगू नका म्हणतात. मी कशाला सांगू? एक नवा मालही काढलाय, हे बघा."

त्याने एक फ्रेम पुढे केली. कोपरा किंचित उघडा होता, रंग एका ठिकाणी ओघळलेला, आणि मागे एक खिळा वाकडा ठोकलेला.

"बिघडली का ही?"

"बिघडली कशाने? मुद्दाम तशी केलीय. घरी केल्यासारखी दिसली पाहिजे, ही त्यांची मागणी. साध्या फ्रेमपेक्षा महाग पडते. सरळ खिळा कोणीही मारेल, पण वाकडा मारायला हात आवरावा लागतो."

"वहिनींनीही घेतली का?"

"अध्यक्षबाईंनी? दोन वाकडे खिळे सांगितलेत."

धाकटीला हसू आवरेना. घरी येईपर्यंत ती हसत होती. मग तिच्या मनात आलं, की या सगळ्याची सुरुवात आपल्याच तोंडून झाली, आणि हसू विरलं.

मंडळाने वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन भरवलं. थोरलीची कल्पना. प्रत्येक चित्राखाली चिठ्ठी होती, तिच्यावर भरणारीचं नाव आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत 'खर्च: शून्य'. नावापेक्षा शून्य मोठं दिसत होतं. आणि परीक्षक म्हणून थोरलीने कोणाला बोलवावं? फ्रेमवाल्याला.

"त्यालाही कळू दे," ती सगळ्यांना म्हणाली, "की आपलं त्याच्यावाचून अडत नाही."

हे बोलताना तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. बाकीच्याही गंभीरपणे माना हलवत होत्या. धाकटी एकीकडून दुसरीकडे बघत राहिली. त्यांना एकमेकींचं माहीत नव्हतं की सगळं माहीत असून चाललं होतं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

फ्रेमवाला कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. हात मागे बांधून तो एकेका फ्रेमपुढे उभा राहायचा, मान तिरपी करायचा आणि भारावून जायचा.

"काय कोपरा साधलाय! हा हात साधा नव्हे. आणि हा खिळा पाहा, वाकडा आहे पण त्यात किती जिव्हाळा आहे."

बायका लाजत होत्या. तो स्वतःचीच पाठ थोपटत सभागृहाच्या टोकाला पोहोचला. तिथे दाराशी एक लहानसं गोल चित्र होतं. रुग्णालयातून निवृत्त झालेल्या नर्सबाई मंडळात नव्यानेच आल्या होत्या. फारसं बोलायच्या नाहीत. त्यांनी पांढऱ्या कापडावर एक हिरवी वेल भरली होती, आणि भरताना कापड ज्या लाकडी रिंगमध्ये ताणतात, त्याच रिंगमध्ये ती तशीच टांगली होती. अख्ख्या सभागृहात खरंच घरी केलेलं आणि खरंच फुकट असं तेवढंच होतं.

"हे काय लावलंय?" फ्रेमवाला म्हणाला. "काम अर्धवट सोडून गेल्यासारखं. असं दाखवायला आणू नये, बाई. प्रदर्शनाची शोभा जाते."

सगळ्या हसल्या. थोरली सगळ्यांत मोठ्याने हसली. नर्सबाईंनी रिंग खिळ्यावरून काढली आणि पदराआड धरली. त्यांचे कान लाल झाले होते.

मग बक्षीस जाहीर झालं. पहिलं बक्षीस धाकटीला. फ्रेमवाल्याने आपलं सर्वांत सुबक काम बरोबर ओळखलं होतं.

"ये, ये, दोन शब्द बोल," थोरली तिला पुढे ढकलत म्हणाली. "सांग सगळ्यांना, कितीला पडली!"

धाकटी माईकपुढे उभी राहिली. समोर खुर्च्यांवर बायका, त्यांचे कंटाळलेले नवरे, तिचा स्वतःचा नवरा, आणि दाराशी जायच्या तयारीत उभ्या असलेल्या नर्सबाई. तिने काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"ही फ्रेम मी केलेली नाही. या दादांनी केलीय, त्यांच्या दुकानात. मी पूर्ण पैसे दिले. मी तुमच्याशी खोटं बोलले. आणि या सभागृहात खोटी चिठ्ठी नसलेलं एकच चित्र आहे, त्याला तुम्ही आत्ता हसलात."

सगळ्यांच्या नजरा फ्रेमवाल्याकडे वळल्या. आता त्याने तोंड उघडलं असतं तर वीस-पंचवीस बायकांचं पितळ एकाच वेळी उघडं पडलं असतं. त्याने घसा साफ केला.

"माझ्याकडे रोज इतकी माणसं येतात," तो म्हणाला. "कोण काय घेऊन जातं, मला कुठे आठवतं?"

सभागृहाने सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच त्याला कंठ फुटला.

"खोटं बोललीस आमच्याशी?" खजिनदारबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं. "आम्ही रात्रंदिवस खपून, हात कापून घेऊन फ्रेमा करतो, आणि तू दुकानातून आणतेस?"

"मी हिला बहिणीसारखं मानलं," ट्रेवाली म्हणाली.

"माझ्याच घरात!" थोरलीने डोळ्यांना रुमाल लावला. "लोकांना काय तोंड दाखवू?"

तिथल्या तिथे ठराव झाला. धाकटीला मंडळातून काढलं, बक्षीस काढून घेतलं, आणि नियमाप्रमाणे ते दुसऱ्या क्रमांकाला गेलं. दुसरा क्रमांक थोरलीचा होता. तिने ते जड अंतःकरणाने स्वीकारलं.

धाकटीने फ्रेम काखेत मारली आणि बाहेर पडली. मागून नवरा धावत आला.

"अगं, वर दादाला आता मी काय सांगू?"

"सांग की बायकोने पैसे दिले होते," ती म्हणाली. "चोरी नव्हती केली."

तो थोडा वेळ घुटमळला. मग म्हणाला, "आण इकडे, जड असेल," आणि फ्रेम स्वतः घेऊन गाडी आणायला गेला. तशी गाडी म्हणजे स्कूटरच होती. फ्रेम घेऊन स्कूटर कशी चालवायची हे न उमजून तो परत आला आणि फ्रेम तिच्याकडे देऊन पुन्हा गेला.

वाचनालयाच्या पायरीवर नर्सबाई बसल्या होत्या. धाकटी शेजारी टेकली. मग नर्सबाईंनी चष्मा लावला आणि काचेवर वाकल्या.

"ही वरची, हातभर लांब, कशाची किल्ली?"

धाकटीने काचेवरून त्या किल्लीवर बोट ठेवलं. "पाण्याच्या टाकीच्या खोलीची. बाबांनी बनवली होती, पण तो माणूस न्यायला आलाच नाही."

"आणि ही शेवटची ओळ? हिचे टाके जरा घाईचे वाटतात."

"ती बाबा गेल्यावर भरली."

नर्सबाईंनी मान हलवली. स्कूटर येईपर्यंत त्यांनी आणखी बऱ्याच किल्ल्यांबद्दल विचारलं.

थोरली पुढे बरेच दिवस जिन्यात धाकटीला बघून न बघितल्यासारखं करायची. इस्त्री मात्र तिने स्वतःची घेतली नाही. मोलकरणीला खाली पाठवायची, आणि धाकटी द्यायची. मंडळ जोरात चाललं. फ्रेमवाल्याने दुकान वाढवलं, शेजारचा गाळा घेतला आणि नवी पाटी लावली: 'येथे घरी केलेल्या फ्रेमा तयार मिळतील.' मंडळातल्या बायका येता-जाता ती पाटी वाचत असत. एकीलाही त्यात काही खटकलं नाही.

धाकटी आता बुधवारी नर्सबाईंकडे जाते. त्यांनी तिला रिंगमधलं काम नीट बंद करायला शिकवलं. कापड कडेने गोल कापायचं, काठावरून धावदोरा घालायचा, पिशवीच्या नाडीसारखा ओढून गाठ मारायची आणि मागे साध्या कापडाची चकती शिवून टाकायची. जखम बांधतात तसं, नर्सबाई म्हणतात. सैल नको आणि आवळूनही नको. धाकटीची पहिली चकती वेडीवाकडी आली. नर्सबाईंनी ती उलटसुलट पाहिली, नाकावरचा चष्मा वर केला आणि कात्री पुढे सरकवली.

"उसव," त्या म्हणाल्या. "चहा टाकते तोवर."